खिळ्यांची बारशी

टाइपाला दिलेले नाव ही त्या टाइपावरची पहिली समीक्षा असते, असे माझे मत आहे. कवितेला शीर्षक देताना कवी आपल्या कवितेविषयी काहीतरी कबूल करून बसतो; टाइप घडवणाराही नाव ठेवताना तेच करतो. वाचकाच्या हे ध्यानी येत नाही, कारण आजवर वाचकाला टाइपाचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. आपण जन्मभर अक्षरे वाचतो. पण ज्या वळणाची अक्षरे आपण वाचतो त्या वळणाचेही एके दिवशी कोणी बारसे केले असेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. इंग्रजी पुस्तकांच्या अखेरच्या पानावर पुष्कळदा पुस्तक कोणत्या टाइपात जुळवले याची नोंद असते. आपल्या पुस्तकांत मुद्रकाचे नाव आणि पत्ता असतो. टाइपाचे नाव शोधावे लागते.

ही स्थिती संगणकाने पालटली. खिळे गेले, जुळारी गेले, पण टाइपांची नावे मात्र छापखान्यातून निघून घरोघर आली. शाळेतले पोरही आज निबंध लिहिण्यापूर्वी एक लांबलचक यादी उघडते आणि त्यात बोडोनी, जॉर्जिया, मंगल, कोकिळा अशी नावे वाचते. नावे समोर आली की ती कोणाला तरी ठेवावीशी वाटणार, हा मनुष्यस्वभाव आहे. अक्षरांच्या धंद्यातल्या काही मंडळींना आता आपल्या मुलांना, कुत्र्यांना आणि मांजरांना टाइपांची नावे ठेवण्याची हौस वाटू लागली आहे. ही हौस हसण्यावारी नेण्यासारखी आहे असे प्रथम मलाही वाटत होते. पण जसजसा विचार करावा तसतसे लक्षात येते, की हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा नाही. नाव आणि वस्तू यांचे नाते खरे की खोटे, हाच प्रश्न आपण प्रतिमेबद्दल, पात्राबद्दल, शीर्षकाबद्दल विचारतो. तो येथे का विचारू नये?

आरंभ सोप्या प्रकरणापासून, म्हणजे कुत्र्यांपासून करू. माझ्या परिचयाच्या एका मुद्रकाच्या घरी ‘पायका’ नावाचा एक कुत्रा होता. बारा पॉइंटांच्या टाइपाला आपले जुळारी पायका म्हणत. कुत्रा लहान चणीचा, पण अगदीच चिमुकला नव्हे. तेव्हा नाव चपखल होते. शेजारच्या मुलांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता आणि कुत्र्यालाही नव्हता. हाक मारली की तो येत असे. पाळीव प्राण्याच्या नावाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते नाव आपल्या सोयीसाठी आणि आपल्या कौतुकासाठी असते. प्राण्याला त्या नावाखाली शाळेत जावे लागत नाही, सही करावी लागत नाही, लग्नपत्रिका छापावी लागत नाही.

इंग्रज छापखानेवाल्यांनी टाइपांच्या आकारांना जी जुनी नावे दिली होती, ती तर लाडक्या प्राण्यांसाठीच जणू बेतलेली आहेत. साडेचार पॉइंटांचा डायमंड, पाचाचा पर्ल, साडेपाचाचा रूबी, सहाचा नॉनपरेल, सातांचा मिनियन. यांतल्या नॉनपरेलचा अर्थ ‘ज्याला तोड नाही असा’; म्हणजे आपली अनुपमाच म्हणा. मिनियन हा मूळ फ्रेंच शब्द लाडक्या, गोजिरवाण्या माणसासाठी वापरला जाई. अक्षर जितके बारीक तितके नाव मौल्यवान, असा हा शिरस्ता दिसतो. तो मला फार समंजस वाटतो. बारीक खिळा कोरायला कठीण, ओतायला कठीण, हातातून निसटायला सोपा. ज्याने तो घडवला त्याला ते रत्नच वाटले असेल. पर्ल आणि रूबी ही नावे गोव्यात आणि मुंबईत कित्येक ख्रिस्ती घरांत मुलींना ठेवलेली आढळतात. ती टाइपावरून आलेली नाहीत. मुलीला आणि खिळ्याला दोघांनाही ती एकाच भावनेतून मिळाली. येथे कोणी कोणाचे देणे लागत नाही.

देणेघेणे सुरू होते ते माणसाचे नाव टाइपाला मिळते तेव्हा. पाश्चात्त्यांनी टाइपांना घडवणाऱ्यांची नावे दिली: गारामाँ, कॅस्लन, बास्करव्हिल, बोडोनी. वरवर पाहता ही पद्धत न्यायाची आहे. ज्याचे काम त्याचे नाव. पण ज्या टाइपाला विसाव्या शतकाच्या आरंभी सारे गारामाँ म्हणत आणि ज्याच्यावरून नवे ‘गारामाँ’ ओतले गेले, त्याचे मूळ खिळे सोळाव्या शतकातल्या क्लोद गारामाँचे नव्हतेच. ते त्याच्यामागून सतराव्या शतकात झालेल्या झाँ झानाँ याचे होते. फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात पडून असलेले ते साहित्य पुढच्या लोकांनी गारामाँच्या नावावर चढवले. ही चूक १९२६ साली ‘फ्लरन’ या मुद्रणविषयक नियतकालिकातल्या एका लेखाने उघडकीस आणली. लेखावर पॉल बोझाँ असे पुरुषाचे नाव होते. तो लिहिला होता बिआट्रिस वॉर्ड या तरुण अमेरिकन बाईने. म्हणजे एका कारागिराचे हरवलेले नाव शोधून काढणारीने आपले नाव झाकूनच ते काम केले! आणि एवढे सिद्ध होऊनही त्या टाइपांचे नाव बदलले नाही. झानाँच्या वळणावर बेतलेले गारामाँ आजही गारामाँ म्हणूनच विकले जातात. नाव एकदा चिकटले की पुराव्याने सुटत नाही. लहानपणी कोणी तरी मारलेली ‘बंड्या’ ही हाक जशी पुढे डॉक्टरकीच्या पदवीनेही सुटत नाही.

आपल्याकडे याच्या उलट रीत दिसते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा खिळे कोरणारा त्यांना लाभला आणि संस्कृत ग्रंथांच्या छपाईला असे काही रूप आले, की देवनागरीच्या छपाईची उंची लोक त्याच्यावरून मोजू लागले. पण त्या अक्षरांना लोक ‘निर्णयसागर’ म्हणत. जावजी किंवा राणोजी म्हणत नसत. माणूस मागे राहिला, घर पुढे आले. यात आपल्या कारागिरांच्या निरहंकाराचे दर्शन आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण मी तो आवरतो. राणोजींना कोणी विचारले होते का, हा खरा प्रश्न आहे. नाव न देणे हे विनयाचे लक्षण तेव्हाच ठरते, जेव्हा नाव मागण्याची मुभा असते.

टाइपाच्या नावाने कधीकधी न्यायही होतो, हे मान्य केले पाहिजे. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलच्या घरी सारा ईव्ह्ज नावाची बाई घर सांभाळायला आली. तिचा नवरा तिला आणि मुलांना टाकून परागंदा झाला होता. पुढे ती आणि बास्करव्हिल पतिपत्नीसारखे राहू लागले. नवरा वारल्यावर १७६४ साली त्यांनी रीतसर लग्न केले. १७७५ साली बास्करव्हिल गेल्यावर टाइपांचा धंदा तिने चालवला आणि १७७९ साली ते सारे साहित्य बोमार्शे या फ्रेंच नाटककाराला विकले. त्याला त्या खिळ्यांतून व्हॉल्तेअरचे समग्र वाङ्मय छापायचे होते. इतके करूनही तिचे नाव मुद्रणाच्या इतिहासात तळटीपेपलीकडे गेले नाही. १९९६ साली झुझाना लिच्को या अमेरिकेत काम करणाऱ्या बाईंनी बास्करव्हिलच्या वळणावरून एक नवा टाइप घडवला आणि त्याला ‘मिसेस ईव्ह्ज’ असे नाव दिले.

समीक्षकाच्या दृष्टीने हे नाव उत्तम आहे, आणि ते केवळ कळवळ्यामुळे नव्हे. त्या टाइपाचे शरीर बास्करव्हिलचे आहे. पण त्याची छोटी अक्षरे अधिक लहान आहेत, रेषा अधिक भरीव आहेत, आणि अक्षराअक्षरांत मोकळी जागा आहे. बास्करव्हिलचे अक्षर चकचकीत कागदावर दिमाखाने उभे राहते. हे अक्षर घरात वावरते. एकाच घरातली दोन माणसे जशी एकमेकांसारखी दिसू लागतात आणि तरी वेगळी असतात, तसे हे दोन टाइप आहेत. नावाने वळणाविषयी काही खरे सांगितले. परंतु २००९ साली याच कुटुंबात सेरिफ नसलेला टाइप दाखल झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘मिस्टर ईव्ह्ज’! जो बायकामुलांना टाकून गेला त्याला, त्याच बायकोच्या पुण्याईवर, अमरत्व लाभले. नामकरणाचा विनोद म्हणून हे खपेल. पण पहिल्या नावात जे वजन होते, ते दुसऱ्याने हलके केले असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

अमेरिकन अक्षरकार फ्रेडरिक गाउडी याने आपला शंभरावा टाइप ‘बर्थम’ या नावाने केला. त्याची पत्नी बर्था एम. गाउडी १९३५ साली वारली होती. तिच्या नावाची अक्षरे जोडून हे नाव सिद्ध झाले. ही बाई स्वतः कसलेली जुळारी होती आणि त्यांच्या खासगी छापखान्यात नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहिली होती. येथे नाव देणारा आणि नाव जिचे ती, यांच्यात कामाचे नाते होते. म्हणून ‘बर्थम’ हे स्मारक असूनही कृत्रिम वाटत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. एरिक गिल हा इंग्रज शिल्पकार, अक्षररेखक आणि कॅथलिक धर्मनिष्ठ मनुष्य. त्याचा जन्म १८८२चा आणि मृत्यू १९४०चा. दगडात अक्षर कोरणारा त्याच्यासारखा हात त्या काळात दुसरा नव्हता. मोनोटाइप कंपनीसाठी त्याने घडवलेल्या एका टाइपाचे नाव ‘पर्पेच्युआ’. १९२९ साली तो प्रथम ज्या छोट्या पुस्तकात छापला गेला, ते पुस्तक होते पर्पेच्युआ आणि फेलिसिटी या दोन ख्रिस्ती हुतात्मा स्त्रियांची कथा. इसवी सन २०३ मध्ये कार्थेज येथे या दोघींना आखाड्यात श्वापदांपुढे सोडून मारण्यात आले. पर्पेच्युआ कुलीन घरातली, अंगावर पिणारे मूल असलेली. फेलिसिटी गुलाम, आणि तुरुंगातच बाळंत झालेली. पर्पेच्युआने तुरुंगात लिहिलेला वृत्तान्त त्या कथेत आहे. आपला धर्म नाकार म्हणून विनवणाऱ्या बापाला ती जवळचे एक भांडे दाखवते आणि विचारते, की हे जे आहे त्याहून निराळ्या नावाने याला हाक मारता येईल काय? बाप नाही म्हणतो. मग मीही जी आहे त्याहून निराळे नाव कसे सांगू, असे ती म्हणते.

नावाविषयी इतके स्पष्ट बोललेल्या स्त्रीचे नाव एका अक्षराला मिळावे, यात औचित्य आहे. अक्षरही तसेच आहे: ताठ, रेखीव, दगडातून उतरून आल्यासारखे, आणि कोणाला न जुमानणारे. त्या टाइपाच्या सोबतचा तिरका, इटॅलिक टाइप तयार झाला तेव्हा त्याला ‘फेलिसिटी’ म्हणण्यात आले. ताठ अक्षराला मालकिणीचे नाव, झुकलेल्याला गुलाम स्त्रीचे. पुढे व्यवहारात हे दुसरे नाव टिकले नाही. आज तो टाइप ‘पर्पेच्युआ इटॅलिक’ म्हणून ओळखला जातो. आखाड्यात दोघी बरोबरीने मेल्या. टाइपाच्या यादीत मात्र एक दुसरीच्या पदरात गेली. हे कोणी दुष्टपणाने केले नाही. यादी सुटसुटीत व्हावी म्हणून झाले. नावे बहुधा अशीच पुसली जातात. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, तेव्हाही कोणाच्या मनात वाईट नसते.

याच गिलचा दुसरा टाइप ‘जोआना’. १९३० ते ३१ या काळात त्याने तो रेखला आणि त्याच्या टाइपविषयक निबंधाचे १९३१चे पुस्तक त्यातच छापले. हे नाव त्याच्या धाकट्या मुलीचे. तिचा नवरा रेने हेग आणि गिल यांनी मिळून जो छापखाना चालवला त्याच्यासाठी हा टाइप होता. मला तो गिलच्या साऱ्या टाइपांत अधिक आवडतो. अंगावर दागिना नाही. टोके चौकोनी आणि साधी, उभारणी हलकी, इटॅलिक किंचितच झुकलेले. घरकाम करताना पदर खोचलेल्या मुलीसारखा तो पानावर वावरतो. नाव आणि वळण यांचा असा मेळ क्वचितच आढळतो, आणि केवळ समीक्षक म्हणून लिहायचे असते तर मी येथेच थांबलो असतो.

पण १९८९ साली फिओना मॅकार्थी यांनी गिलचे चरित्र प्रसिद्ध केले. गिलच्या स्वतःच्या दैनंदिनीच्या आधारे त्यांनी दाखवून दिले, की या धर्मनिष्ठ गृहस्थाने आपल्या मोठ्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते. तेव्हापासून गिलच्या कलाकृतींचे काय करावे हा वाद चालू आहे. २०२२ साली लंडनमध्ये बीबीसीच्या इमारतीवरील त्याच्या शिल्पावर एकाने हातोडा चालवला. मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने त्याच्या टाइपाचा वापर सोडायचे ठरवले. कलाकृती आणि कलावंताचे चारित्र्य यांचा संबंध काय, हा आपल्या समीक्षेतला जुना आणि कंटाळवाणा झालेला वाद आहे. कलाकृती स्वायत्त आहे असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. गिल सॅन्स या टाइपापुरते माझे मत मी आजही सोडणार नाही. त्या अक्षरांत गिलचा गुन्हा दिसत नाही, आणि ‘दिसतो’ म्हणणारे डोळ्यांनी पाहत नसून चरित्राने पाहतात.

जोआनाचे मात्र तसे नाही. कारण येथे टाइपाला मुलीचे नाव देऊन गिलनेच आपल्या घराचे दार उघडले आहे. जो बाप म्हणतो ‘हे अक्षर माझ्या लेकीसारखे आहे’, त्याला मग आपण विचारू शकतो, की लेकींशी तू कसा वागलास? कलाकृतीच्या स्वायत्ततेची भिंत येथे बाहेरून कोणी फोडलेली नाही. नाव ठेवणाऱ्यानेच ती काढून टाकली आहे. माझे म्हणणे इतकेच आहे, की नाव हा टाइपाचा भाग आहे आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेत येतो. अक्षर निर्दोष राहते; नाव निर्दोष राहत नाही.

हा काथ्याकूट मला पुस्तकी वाटला असता. पण वसईकडचे एक तरुण जोडपे माझ्या परिचयाचे आहे. दोघेही पुस्तकांची मांडणी करतात. त्यांना मुलगी झाली, तिचे नाव जोआना ठेवायचे ठरले, आणि टाइपावरून ठरले म्हणून मोठ्या अभिमानाने घरच्यांना सांगून झाले. मग त्या मुलीच्या आईच्या वाचनात गिलची हकीकत आली. बाप्तिस्म्याला आठ दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही या विषयावर लिहिता-बोलता. आता हे नाव ठेवावे की नाही, तेवढे सांगा.” तिच्या आवाजात थट्टा नव्हती. लेखनाच्या धंद्यात असा रोकडा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मी तिला म्हटले, “जोआना हे नाव गिलचे नाही. ते त्याच्या मुलीचे होते, आणि तिच्याही आधी फार जुने आहे. तुमच्या लूकच्या शुभवर्तमानात ती बाई आहे. मराठी बायबलात तिला योहान्ना म्हटले आहे. येशूची कबर रिकामी आहे हे येऊन सांगणाऱ्या बायकांत ती होती, आणि तिचे बोलणे शिष्यांना खरे वाटले नाही. मुलीला त्या योहान्नाचे नाव द्या. टाइपाचे देऊ नका.”

“पण उच्चार तर तोच राहील ना?” ती म्हणाली.

“उच्चार तोच राहील,” मी म्हटले. “मुलगी मोठी होऊन ‘माझे नाव कोठून आले?’ असे विचारील तेव्हा उत्तर मात्र निराळे राहील. आणि टाइपाची गोष्टही तिला केव्हा तरी पुरती सांगा. अर्धी सांगू नका.”

नाव ठेवले गेले. मी दिलेले उत्तर पळवाटीचे होते, असे एका स्नेह्याने मला नंतर सुनावले. मला तसे वाटत नाही. नाव म्हणजे नुसता ध्वनी नव्हे. ते कोठून आले याची जी गोष्ट आईबाप सांगतात, ती गोष्ट म्हणजेही नाव. त्या गोष्टीची निवड करण्याचा अधिकार आईबापांना आहे, आणि जबाबदारीही.

गोष्ट हास्यास्पद असली तरी ती चिकटतेच, याचे उदाहरण ‘जॉर्जिया’. मॅथ्यू कार्टर यांनी १९९०नंतरच्या दशकात संगणकाच्या पडद्यासाठी हा देखणा टाइप केला. मुलीला शोभावे असे नाव; पण ते आले जॉर्जिया राज्यात परग्रहवासीयांची मुंडकी सापडली अशा अर्थाच्या एका सवंग वर्तमानपत्री मथळ्यावरून! टाइपावरून मुलीचे नाव जॉर्जिया ठेवणाऱ्याने ही मुंडकीही पदरात घेतली पाहिजेत. त्याच कार्टर यांच्या १९९६च्या ‘व्हर्डाना’ टाइपाचे नाव मला अधिक समंजस वाटते. हिरवेगार या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि त्या कामावरच्या व्हर्जिनिया हाऊलेट यांच्या थोरल्या मुलीचे नाव यांच्या सांध्यातून ते झाले. मुलीचे नाव आत आहे, पण ते सांगितल्यावाचून कळत नाही. आईने लेकीचे नाव जगाच्या पडद्यावर ठेवले आणि तिला झाकूनही ठेवले. हे मला गिलहून फार थोर वाटते.

आपल्या लिप्यांकडे वळले की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. २०००च्या सुमारास आणि त्यानंतर विंडोजवर भारतीय लिप्या आल्या. त्यांच्या टाइपांची नावे पाहा: देवनागरीचा मंगल, तमिळचा लता, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा, गुरमुखीचा रावी, गुजरातीचा श्रुती, मल्याळमचा कार्तिका, बंगालीचा वृंदा. ही यादी टाइपांची आहे असे न सांगता कोणाला वाचून दाखवली, तर ती एखाद्या कन्याशाळेच्या हजेरीपटातली वाटेल. मंगल हा टाइप र. कृ. जोशी यांचा. हे कवी, सुलेखनकार आणि अक्षरविद्येचे आचार्य. २००८ साली ते गेले. त्यांच्या रघुनाथ या नावाची आठवण देणारा ‘रघु’ नावाचा टाइपही आहे. राणोजींना जे मिळाले नाही, ते शंभरावर वर्षांनी एका मराठी अक्षरकाराला मिळाले, याची येथे आनंदाने नोंद करतो.

या यादीवर टीका करायची तर थोडी करता येईल. गौतमी, तुंगा, रावी ही नद्यांची नावे त्या त्या लिपीच्या भूमीशी बांधलेली आहेत, ती उत्तम. ‘श्रुती’ म्हणजे जे ऐकले ते. जे पाहायचे त्या अक्षराला ऐकण्याचे नाव देणे मला रुचत नाही. ‘मंगल’ हे नाव शुभकार्याचे, पण तो टाइप सरकारी अर्ज आणि परिपत्रके यांतच इतका राबला, की आज ते नाव ऐकून सनईऐवजी कचेरीतला पंखा आठवतो.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळींनी केलेला ‘बालू’ हा मात्र नामकरणाचा खरोखर रसाळ नमुना आहे. गुबगुबीत, केसाळ अस्वलाच्या पंजासारखी ही अक्षरे. मराठी कानाला मात्र हे नाव ‘बाळू’च्या फार जवळचे वाटते. गंमत पुढेच आहे. हाच टाइप इतर लिप्यांत गेला तेव्हा प्रत्येक भाषेने त्याला आपल्या घरातले नाते जोडून दिले: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, पंजाबीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, कन्नडमध्ये बालू तम्मा, उर्दूत बालू भाईजान. कोठे तो थोरला भाऊ झाला, कोठे धाकटा. येथे टाइपाचे नाव, पाळीव प्राण्याचे नाव आणि घरातल्या पोराचे नाव, तिन्ही एक झाली आहेत, आणि कोणावर अन्याय झालेला नाही. याच मंडळींच्या ‘मुक्ता’ टाइपावरून कोणी मुलीचे नाव ठेवले, तर ते टाइपावरून ठेवले की मुक्ताबाईवरून, हे विचारण्याची गरजही कोणाला भासणार नाही. ती नावे घरातून अक्षरांकडे गेली होती. अक्षरांकडून पुन्हा घरी आली.

या सगळ्यातून मला जो निकष हाती लागतो तो असा. टाइपाचे वळण आधी तयार होते आणि नाव मागून येते. म्हणून ते नाव वळणाशी प्रामाणिक आहे की नाही हे तपासता येते. मुलाचे उलट असते. बाराव्या दिवशी पाळण्यात नाव आधी पडते आणि वळण पुढे वीस-पंचवीस वर्षे घडत राहते. म्हणून पुरते घडून गेलेल्या वस्तूचे नाव मुलाला देताना त्यात मोकळी जागा किती आहे, हे पाहिले पाहिजे. ‘मुक्ता’त ती पुष्कळ आहे, ‘जोआना’त गिलच्याही मागे गेल्यास सापडते, ‘हेल्व्हेटिका’सारख्या नावात मुलीला वळायला जागा नाही, जन्मभर ती कोणाच्या तरी विनोदाचा खुलासा करीत राहील. कुत्र्याला हा त्रास नाही. त्याला खुशाल हेल्व्हेटिका म्हणा. टाइप बिघडला तर खिळे वितळवून पुन्हा ओतता येत असत, आणि आता तर तेवढेही करावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत ती सोय नाही. एवढे ध्यानात ठेवून ज्याला अक्षरांच्या यादीतून नाव निवडायचे असेल त्याने अवश्य निवडावे. मात्र यादीतल्या नावामागे कोण उभे आहे, हे आधी पाहून घ्यावे.